उघड्या रानातली भिंत

मी उंदरीण बोलतेय. किंचाळू नका, खुर्चीवर चढू नका, झाडू तर शोधूच नका. मी शेतातली आहे, तुमच्या फडताळाशी माझं काही देणंघेणं नाही. बोलायला बसले ते एवढ्यासाठी, की तुम्ही माणसं आपल्या पोरांना आमची एक गोष्ट सांगता. शहरातला उंदीर हावरा आणि भित्रा, गावातला साधाभोळा आणि सुखी. सांगून झालं की पोराला थोपटून झोपवता. तुम्हाला बरं वाटत असेल, मला नाही वाटत. त्या गोष्टीतली शहरातली म्हणजे माझी सख्खी बहीण, आणि तिच्याबद्दल कुणी वेडंवाकडं बोललेलं मी खपवून घेत नाही.

आम्ही दोघी गव्हाच्या शेतात, एकाच बिळात जन्मलो. धाकटीला झोप फार. एकदा गव्हाच्या पोत्यात शिरली, पोटभर खाल्लं आणि तिथेच आडवी झाली. जागी झाली ती थेट शहरातल्या बेकरीत. तुम्हाला वाटतं, शहरात जाणारे सगळे ठरवून जातात. निम्मे तर असेच जातात, झोपेत.

मी मागे राहिले. आता मी सुखी होते का? घार आहे, साप आहे, कुदळ आहे. पीक उभं आहे तोवर खायचं, मग धसकटं चघळायची. मोकळ्या हवेचं कौतुक ज्याला उघड्यावर राहायचं नसतं तोच करतो.

एके वर्षी कापणीच्या आधी शेताच्या मालकाने बेकरीतून रिकामी पोती परत आणली. मालकीण ती झटकत होती, तर एकातून धाकटी टुणकन बाहेर पडली. गुबगुबीत, अंगाला पिठाचा वास, आणि पोटुशी.

"ताई, बाळंतपणाला आलेय," ती म्हणाली.

"आणि नवरा कुठाय?"

"बेकरीवाल्याने भिंतीकडेला चिकट पुठ्ठे ठेवले होते. तो माझ्या पुढे चालत होता, म्हणून मी वाचले."

मी पुन्हा तो विषय काढला नाही.

नखरे मात्र तिचे कमी नव्हते. "हे दाणे असे कोरडेच चावायचे?"

"छे! थांब, तुला लोणी फासून देते."

तेव्हा हसली ती. आल्यापासून पहिल्यांदा.

तिची एक गोष्ट मला कळायची नाही. ती चालायची तेव्हा अंग सतत कशाला तरी घासत चालायची. शहरात म्हणे भिंतीला मिशा लावूनच पळायचं असतं. मधोमध गेला तो मेला, हे तिथे पिल्लांना दुधाबरोबर पाजतात. गहू उभा होता तोवर ती ताटांना घासत फिरली. मग गहू कापून नेला आणि रान बोडकं झालं. ती बिळाच्या तोंडाशी यायची, डोकं बाहेर काढायची आणि तशीच मागे फिरायची.

"ताई, भिंत कुठंय?"

"अगं, शेताला कसली भिंत?"

"मग तुम्ही कडेने चालता कसे?"

"चालतच नाही. जीव मुठीत धरून पळतो."

त्याच दिवसांत तिला चार पिल्लं झाली. शेंगदाण्याएवढी, गुलाबी, डोळे मिटलेली. आमचं बीळ पुन्हा दुधाच्या वासाने भरलं.

आणि एका सकाळी डोक्यावर पावलं वाजली. मालकीण कावलेली होती. "अहो, बघा तरी! पावलापावलाला बीळ. मेल्यांनी किती गहू पोटात घातला असेल!"

"पाणी सोडतो आत्ताच," मालक म्हणाला. "बिळंही बुजतील आणि नांगरायला मातीही मऊ होईल."

मी धाकटीला हलवलं. "ऊठ. पोरं उचल. बांधावर जायचं."

बांध रानाच्या टोकाला होता. मध्ये नुसती धसकटं आणि वर घार. धाकटीने एक पिल्लू तोंडात धरलं, बाहेर आली आणि जागच्या जागी थिजली. पिल्लू खाली ठेवून म्हणाली, "ताई, पाय उचलत नाही गं. तूच ने सगळी."

"एकेक नेईपर्यंत पाणी येईल. मग कुठलं मागे ठेवू? सांग ना! आई तू आहेस, तूच निवड!"

फार कडक बोलले, पण ती हलली नाही. तेव्हा मी तिच्याकडे नीट पाहिलं. शहरात मांजराच्या नाकासमोरून पाव ओढून आणलेली बाई ही. घारीला ती भीत नव्हती. तिला अंग टेकवायला बाजूच नव्हती. ज्या भिंतीवर विश्वास ठेवून चालायची, त्याच भिंतीने नवरा नेला, आणि इथे तर तीही नाही.

मी वळून तिच्या कुशीला कूस लावली. "ही घे भिंत. मिशा माझ्या अंगाला टेकव. मी चालेन तशी चाल."

दोघींनी एकेक पिल्लू तोंडात धरलं, आणि ती चालली! एरवी मी बाणासारखी सुटते, त्या दिवशी बैलजोडीसारख्या निघालो आम्ही. घारीची सावली अंगावरून गेली. धाकटी मला इतकी चिकटली की माझा श्वास अडकला, पण पाय तिचे थांबले नाहीत. बांधावरच्या झुडपाच्या मुळांत दोन पिल्लं ठेवली आणि उरलेल्या दोघांसाठी पुन्हा तशाच मागे.

परत येताना पाणी दिसलं, सरीसरीने पुढे सरकणारं. पळायची सोय नव्हती. मी पळाले असते तर ती थिजली असती. पाटाच्या तोंडाशी मालकीण फावडं घेऊन उभी होती. तिने आम्हाला पाहिलं. एकमेकींना चिकटलेल्या दोघी आणि दोघींच्या तोंडात पिल्लं.

तिने फावडंभर माती ओढली आणि पाटाचं तोंड बंद केलं.

"पाणी का थांबलं गं?" लांबून मालक ओरडला.

"फावडं अडकलंय मुळात!"

"कसलं मूळ?"

"आता मुळाचं नाव काय सांगू? तुम्हीच या आणि उपटा!"

तो काही आला नाही. येणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

आम्ही बांधावर चढलो, तेव्हा तिने माती बाजूला सारली. आमचं बीळ डोळ्यांदेखत भरलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उंदरांच्या नावाने बोटं मोडत होती. मोडू दे. तिचं पोटही गव्हावरच आहे.

पिल्लांचे डोळे बांधावर उघडले. ती पळायला लागली तशी धाकटी म्हणाली, "ताई, मी जाते. इथे मला रोज तुझी कूस लागेल. पुठ्ठ्याचा वास आता कळतो मला."

"राहा की. मी कुठे कुरकुर केली?"

"तू मरेपर्यंत करणार नाहीस, म्हणून तर जाते."

भरलेल्या पोत्यांतून ती गेली, या वेळी टक्क जागी. तिची एक लेक माझ्याकडे राहिली. ती रानाच्या मधोमध, मान वर करून पळते. माझे दात आता झिजलेत, दाणा फुटत नाही. ती फोडून देते.

तेव्हा तुमच्या पोरांना सांगा, आमच्यात भित्रं कुणी नव्हतं आणि सुखीही कुणी नव्हतं. आणि तुमच्यापैकी कुणाचं शेत असेल, तर पाणी सोडायच्या आधी बांधावर दोनचारदा पाय आपटा. आम्हाला जमिनीतून ऐकू येतं. पोरं उचलायला तेवढा वेळ पुरतो.