भरलेले ड्रम

खोक्यावर: जड. खाली ठेवा

यात पुस्तकं. मार्करचं अक्षर हिमांशूचं. प्रत्येक खोक्यावर त्यानं दोन्ही बाजूंनी लिहिलंय, कारण टेम्पोत कुठली बाजू समोर येईल सांगता येत नाही. असा माझा नवरा.

घर घ्यायचं ठरल्यापासून त्याला दुसरा विषय नव्हता. कर्जाच्या फेऱ्या, रजिस्ट्री, इंडेक्स टू, वीजमीटरवर नाव, गॅसची एजन्सी बदलणं, सोसायटीचं पत्र. सोफा नव्या घराच्या लिफ्टमध्ये मावेल का हे पाहायला तो सोफ्याएवढा पुठ्ठा कापून, स्कूटरवर आडवा धरून चिकलठाण्याला गेला. पुठ्ठा मावला. वॉचमन म्हणाला, साहेब, सोफा कुठाय? हिमांशू म्हणाला, सोफा नंतर येईल. हे त्यानं मला अगदी गंभीरपणे सांगितलं.

खोक्यावर: फुटणारे

हे मी भरलं, म्हणून एकाच बाजूनं लिहिलंय.

नवं घर मला आवडलं नव्हतं असं नाही. चौथा मजला, भरपूर वारा, खिडकीतून विमान उतरताना दिसतं. टोचत होतं ते दुसरंच. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत, शमशादखालाच्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत आम्ही लग्न झाल्यापासून राहिलो, आणि ते सोडताना हिमांशू त्याबद्दल एक शब्द बोलला नव्हता. एकदा मी विचारलं, तुला काहीच वाटत नाही का रे? तो म्हणाला, मीटरच्या रीडिंगचा फोटो काढून ठेव, खालाच्या नि आपल्या बिलात घोळ नको.

मी पुन्हा विचारलं नाही. पण मनात धरलं. तिकडं गेल्यावर इथली आठवण मला एकटीलाच येणार, आणि शेजारी हा पुठ्ठा मोजत बसणार. अशा घरात दूध उतू घालायला मला जायचंच नव्हतं.

खोक्यावर: खाला

हे खोकं आमचं नाही. खालानं वरून आणून आमच्या सामानात घुसवलं. ती घरमालकीण, पण भाडं हातात दिलं की न मोजता दुपट्ट्यात बांधायची नि आधी माझ्या तब्येतीचं विचारायची. खोक्यात काय आहे विचारलं तर म्हणाली, "तिकडं जाऊन उघड. इथं उघडलंस तर परत करशील."

खोक्यावर काही लिहिलेलं नाही

सकाळी कडूबाचा टेम्पो आला. सासूबाईंनी पिशोरच्या गुरुजींना विचारून मुहूर्त काढलेला: नव्या घरात दुपारच्या आत दूध उतू जायला हवं. कपाट चढलं, सोफा चढला. मग कडूबा मागच्या अंगणात गेला आणि तसाच परत आला.

"मॅडम, ते ड्रम भरलेले न्यायचेत व्हय?"

मी गेले. निळे दोन ड्रम, जे आदल्या दिवशी हिमांशूनं स्वतः पुसून पालथे घातले होते, ते सरळ उभे होते आणि काठोकाठ भरलेले. शेजारी पिंप भरलेलं. बादल्या भरलेल्या. 'स्वयंपाकघर' लिहिलेलं खोकं चिकटपट्टी फाडून उघडलेलं, त्यातलं पातेलं भरलेलं, आणि कुकर. कुकरसुद्धा. वर झाकण लावून.

खाला जिन्यातून वाकून बघत होती. "नीरजा, तुझा नवरा पागल झाला का गं?"

हिमांशू मोरीपाशी उभा होता. पँट गुडघ्यापर्यंत ओली.

"पाणी आलं," तो म्हणाला.

कित्येक दिवसांनी एकदा येणारं ते पाणी उद्या यायचं होतं. एक दिवस आधी आलं. आणि या गल्लीत पाण्याचा दिवस म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. नळात आधी हवेचा घरघराट होतो, मग गल्लीत कोणीतरी दार वाजवतं, आणि माणूस डोळे न उघडता उठतो. हिमांशू तसाच उठला होता. बायको झोपलेली, सामान बांधलेलं, टेम्पो यायचा. त्यानं नळी लावली आणि एकेक भांडं भरत गेला. कुकरपर्यंत आल्यावर आपण आज जाणार आहोत हे आठवलं म्हणे. तरी कुकर भरला, कारण नळ चालू होता.

"टेम्पोचे पाटे तुटतील माझ्या," कडूबा म्हणाला. त्यानं एक ड्रम कलता करायला हात घातला. आम्ही तिघांनी त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं हात काढून घेतला.

ओतायचं नव्हतं. द्यायचं तरी कुणाला? पाणी सगळ्यांनाच आलेलं. समोरच्यांकडं विचारलं, त्यांच्या चहाच्या गाळणीखालचं भांडंसुद्धा भरलेलं. खालाची टाकी वरून वाहत होती. अख्खी गल्ली तुडुंब, आणि आमच्याजवळ दोन ड्रम जास्तीचे.

शेवटी निकाल खालानंच दिला. "घर धुवा. किती वर्षं फडक्यानं पुसताय. एकदा धुवा."

खोक्यावर: सफाई. शेवटी

या घरात आम्ही भाज्या धुतलेल्या पाण्यात फडकं बुडवून फरशी पुसत आलो. मगभर पाणी जास्त सांडलं तर एकमेकांकडं बघायचो. त्या दिवशी हिमांशूनं अख्खी बादली उचलली आणि बैठकीच्या खोलीत सोडून दिली.

पाणी फरशीवरून गेलं. शहाबादी फरशी काळीभोर, चमकदार निघाली. असा रंग तिचा आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. मी खराटा घेतला. कडूबा दारात उभा राहून थोडा वेळ तोंड वाकडं करत होता, मग त्यानं एक बादली मागून घेतली आणि टेम्पो धुवायला लागला.

सासूबाईंचा फोन आला. हिमांशू म्हणाला, टेम्पो उशिरा आला गं आई. कडूबानं ते ऐकलं. त्यानं टेम्पो धुणं थांबवलं, आमच्याकडं बघितलं, आणि पुन्हा धुवायला लागला, जरा जोरात.

आतल्या खोलीत पलंगाच्या जागी चार पायांचे चार डाग होते. हिमांशू तिथं बसून घासायला लागला. डाग निघत नव्हते, आणि त्यालाही ते काढायची घाई नसावी.

"नळ आला की तू झोपेत मला पायानं ढकलायचीस," तो म्हणाला. "ऊठ म्हणून."

"मी?"

"दरवेळी. मग सकाळी विचारलं की म्हणायचीस, मी तर गाढ झोपले होते."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"तिकडं बोअर आहे, टाकी आहे," मी म्हटलं. "नळ सोडला की पाणी. तूच सांगत होतास."

"हो. चांगलंच आहे." तो घासत राहिला. मान खालीच. "पण मग मला कोण ढकलणार?"

मी खराटा भिंतीला टेकवला. त्याच्या शेजारी ओल्या फरशीवर बसले, आणि पायानं त्याला ढकललं. तो तोल जाऊन बसला आणि हसला. डोळे पाण्यानं भरले होते की साबण गेला होता, विचारलं नाही.

खोकं नाही

ड्रम रिकामे झाले. कडूबानं ते वर चढवले. हिमांशू म्हणाला, फरशी वाळू दे, ओल्यात कुलूप नको लावायला. आम्ही उंबऱ्यावर बसलो. खालानं चहा पाठवला नाही, स्वतः घेऊन आली आणि आमच्यात दाटीनं बसली. तिघांना तो उंबरा पुरत नव्हता.

खोली आतून वाळत गेली. आधी कडेनं, मग मध्ये. मुहूर्त टळून गेला. फरशी पूर्ण वाळली, तरी हिमांशू तिच्याकडं बघत बसलेला. चिकलठाण्याला निघायची गोष्ट आता मलाच काढावी लागणार, असं वाटायला लागलं.

त्याचा फोन पुन्हा वाजला. त्यानं उचलला नाही. मी त्याच्या हातातून घेतला आणि उभी राहिले.

"आई, टेम्पो वेळेवर आला होता," मी कडूबाला ऐकू जाईल असं म्हटलं. "आमचंच दोघांचं निघणं होत नव्हतं. निघतोय आता."