चारनंतरचं पाणी

ही तीन दिवसांची कयाकची फेरी सुखरूप पार पडली, तर पल्लवी कोळेकरच्या पदरात एकच गोष्ट पडणार होती: जानेवारीपासून 'मदतनीस' हा शब्द जाऊन तिथं 'प्रमुख' लागणार. तंबू कुठं ठोकायचा, कुठं थांबायचं, हे तिनं ठरवायचं. जतच्या माळावर मेंढरांमागं हिंडलेल्या घरातली पोर कोयना धरणाच्या फुगवट्यात कयाक चालवते, हे वडिलांना अजून खरं वाटत नव्हतं. प्रमुख झाली तर ते गावात चार जणांना सांगत तरी फिरणार होते.

गिऱ्हाईक होतं सांगलीच्या हळद बाजारातलं पाटील कुटुंब. घरचे कर्ते आदगोंडा, त्यांची पत्नी प्रभावती, मुलगा भरतेश आणि बारा वर्षांची नात ब्राह्मी. जैन नेमाप्रमाणे चौघंही दिवस मावळल्यावर पाण्याशिवाय काही घेत नसत. म्हणून स्वयंपाकाची लाँच दुपारीच पलीकडच्या पश्चिम काठावरच्या मुक्कामाला गेलेली. साडेपाचला ताट तयार.

दुसऱ्या दिवशी मात्र आदगोंडा अलीकडच्या काठावर बसून फोनवर हळदीचे दर घासत राहिले. दीडशे रुपयांसाठी अख्खी दुपार खाल्ली माणसानं. निघायला साडेचार झाले, आणि खोऱ्यातून वारा सुटला.

"आण्णा, चारनंतर मधलं पाणी ओलांडत न्हाई आमी," पल्लवी म्हणाली. "काठाकाठानं वळसा घालून जाऊ."

"किती वेळ?"

"अडीच तास."

"म्हंजे उपास की! आवं, पंचांगात सूर्यास्त पाच अठ्ठावन्नचा हाय. सरळ गेलं तर पाऊण तास. हिशेब बसतोय."

"आण्णा, हिशेब पाण्याला कळत न्हाई."

"हिनं चारलाच शुगरची गोळी घेतलीया," त्यांनी बायकोकडं बोट केलं. "जेवली न्हाई तर पडंल. तुझ्या पिशवीतल्या ग्लुकोजवर काय जेवण व्हतंय व्हय?"

पल्लवीनं प्रभावतींकडं पाहिलं, पाण्याकडं पाहिलं. दोन्हीकडं भीतीच होती. तिनं जवळची निवडली, सरळ जायला हो म्हणाली.

पहिली वीस मिनिटं बरी गेली. भरतेश आणि ब्राह्मी पुढं, मागच्या एकट्याच्या कयाकमध्ये आदगोंडा, मधे पल्लवी आणि तिच्यापुढं बसलेल्या प्रभावती. मग लाटा आडव्या यायला लागल्या. काठावरून ज्या वीतभर दिसत होत्या त्या इथं मांडीवर चढत होत्या. दोन्ही काठ सारखेच लांब दिसत होते.

आणि उजेड गेला. पाच वीसलाच. सांगलीच्या सपाटीवर सूर्य जमिनीला टेकेपर्यंत दिसतो. इथं पश्चिमेला सह्याद्रीची भिंत, तिनं तो आधीच गिळला. पंचांगात डोंगर नव्हता.

पुढं प्रभावतींचं वल्हं थांबलं. हात थरथरत होते, मान ओली.

"अक्का, हे ग्लुकोज घ्या. तोंड उघडा."

"दिवस गेला गं."

"सांगलीत ऊन हाय अजून!"

"मी काय सांगलीत हाय व्हय?" त्यांनी ओठ मिटून घेतले.

तेवढ्यात मागून "पोरी!" अशी हाक आली. पल्लवीनं वळून पाहिलं तर आदगोंडांची कयाक पालथी, आणि तिला कवटाळून लाल जॅकेटातलं एक डोकं वरखाली होत होतं. वळावं तर लाट आडवी घेईल. न वळावं तर तो माणूस जाईल. तिनं शिट्टी फुंकली, पुढं भरतेशला "लाँच पाठवा!" म्हणून हातवारे केले आणि कयाक फिरवली. दोनदा पाणी आत आलं. प्रभावती कलंडायला लागल्या. तिनं गुडघ्यानं त्यांची पाठ रेटून धरली.

आदगोंडांनी कयाकची कड पकडली. दात वाजत होते. बायकोचा पांढराफटक चेहरा पाहिला आणि त्यांना गार पाण्याचाही विसर पडला.

"खा की गं ते!"

"दिवस..."

"डोंगरामागं हाय, म्हंजे हाय!"

"मघा पंचांग कुणी काढलं?" त्या पुटपुटल्या. जीव अर्धा उरला होता, टोमणा पुरा होता.

"चुकलं माझं. नेम मोडला तर माझ्या नावावर. आता खा, प्रभा."

चाळीस वर्षांत चारचौघांत त्यांनी बायकोला नावानं हाक मारली नव्हती. प्रभावतींनी तोंड उघडलं. निम्मं ग्लुकोज वाऱ्यावर गेलं, निम्मं पोटात. पल्लवी एका हातानं आदगोंडांचं जॅकेट धरून, दुसऱ्यानं वल्हं टेकवून लाटा मोजत राहिली. दोनशे दहापर्यंत मोजल्यावर लाँचचा आवाज आला.

मुक्कामी शेकोटीशी बसल्यावर आदगोंडांनी घसा साफ केला. "पोरी, मालकाचा फोन आला तर तीनलाच निघालो म्हण. आमी चौघं तसंच सांगतो. तुझं नुकसान नको."

पल्लवीला मोह झाला. लय झाला. पण मग हा अपघात 'तीनचा' म्हणून लिहिला गेला असता, आणि चारचा नियम उद्या दुसऱ्या कुणी मानला नसता.

"लालासाहेब," ती मालकाला फोनवर म्हणाली, "साडेचारला निघालो. मीच हो म्हणाले."

जानेवारीत प्रमुख म्हणून दुसऱ्या मदतनिसाचं, ऋषिराजचं, नाव लागलं. आदगोंडांनी प्रायश्चित्त म्हणून तीन उपास केले, बायकोचाही वाटा स्वतःकडं घेऊन. प्रभावतींना डॉक्टरनं एकही करू दिला नाही. भरतेशनं ॲपवर पाच तारे दिले, त्यात त्याच्या पदरचं काही जात नव्हतं. पल्लवीचा हंगाम मदतनीस म्हणूनच गेला. आणि पुढचे चार महिने, पाण्यावर सावली पडली की तिचे हात आपोआप काठाकडं वळत.