मेंढ्याची दोरी

आमचे कमांडर सरबुलंद डोंगरातून उतरून काबूलला रस्ते खात्याचे मंत्री झाले, तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. ज्याने अर्ध्या जिल्ह्याचे रस्ते उडवले, तोच आता फिती कापणार! त्यांचे सुरुंग मीच पुरायचो. मग त्यांनी मला ड्रायव्हर म्हणून ठेवलं आणि माझं हसू आटलं, कारण त्याच रस्त्यांवरून आता मलाच गाडी हाकायची होती.

लवांगकाकांच्या गावचा रस्ता तयार झाला. मंत्री म्हणाले, "शेरीन, मेंढा घे. फीत नंतर, आधी काकांचं दार."

काकांचा मुलगा नकीब त्याच रस्त्यावर आमच्या सुरुंगाने गेला होता, स्वतःच्या लग्नाचं सामान घेऊन येताना. सुरुंग लष्करासाठी होता, असं आम्ही एकमेकांना सांगायचो.

मेंढा घेऊन दारात आलेल्याला माफी नाकारायची नाही, ही आमची रीत. मंत्र्यांनी बंदूकवाले गावाबाहेर ठेवले आणि पगडी काढून हातात घेतली. मागे मी, दोरी धरून.

"काका, नकीबच्या वेळी हुकूम माझा होता."

काकांनी त्यांना नीट न्याहाळलं. "बारा वर्षं लागली होय रे यायला? रस्ता नव्हता वाटतं?"

मंत्र्यांची मान वर होईना. शेवटी काकांनीच ती पगडी त्यांच्या डोक्यावर ठेवली. "जा, माफ केलं. पण सुरुंग पुरणारा हात कुणाचा होता?"

तोंड उघडलं असतं तर त्याच मेंढ्यात मलाही माफी होती. रीतच तशी आहे, काका नाही म्हणूच शकले नसते. मी दोरीकडे बघत राहिलो.

"तो मेला, काका," मंत्री म्हणाले. मला वाचवायला म्हणाले, हे मला कळत होतं.

"अरेरे," काका म्हणाले. "म्हणजे त्याला यायला मिळालंच नाही." आणि त्यांनी त्या मेलेल्यासाठी दुवा मागायला दोन्ही हात वर केले. मंत्र्यांनी केले. दोरी पायाखाली दाबून मीही केले. लाज वाटली, पण केले.

दुवा संपली तेव्हा काकांनी पहिला चहा माझ्यापुढे सरकवला. "घे बाळा, मेंढा ओढून दमला असशील."

मी तो प्यालो.