गाडीचा खांदा

पौर्णिमाचं लग्न अकोल्याला झालं ते दोन हजार तेवीस साल. त्या वर्षी श्रावण दोनदा आला आणि पोळा पार सप्टेंबरात गेला. सुभद्राबाईच्या लेकीचे ते पहिलेच सण. महालक्ष्म्यांना लेकीला माहेरी आणायला बाप स्वतः जाणार, हे मांडवातच ठरलं होतं. भगवंतरावांनी व्याह्यांना बजावून सांगितलं होतं, "मुऱ्हाळी म्हणून मीच येईन. माझ्या हातानं गाडी चालवत."

या बोलण्याला वजन होतं. ट्रॅक्टरखाली सापडून त्यांचा डावा पाय लाकडासारखा ताठ झाला होता. क्लच दाबणं संपलं, तेव्हा मुलानं, कुलदीपनं, तिवशाच्या एका डॉक्टरकडून आपोआप गिअर बदलणारी जुनी गाडी आणून दिली. उजव्या पायाच्या भरवशावर भगवंतराव पुन्हा रस्त्याला लागले. गोठा रिकामा होऊन बरीच वर्षं झाली होती. जीव लावायला आता ही पांढरी गाडीच होती.

नेमकी पोळ्याच्या सकाळी ती बिघडली. सुरू झाली, पण गिअर बदलेना. एकाच गिअरमध्ये कण्हत कण्हत वेशीपर्यंत गेली आणि तशीच परत आली.

"गिअरबॉक्स गेला, बाबा," कुलदीप म्हणाला. "आता पुरे. इकून टाकू. पौर्णिमाले मी आणतो."

भगवंतरावांनी ताट बाजूला सारलं. त्यातली पुरणपोळी तशीच राहिली.  हा माणूस अकोल्याला मागच्या सीटवर बसून गेला, तर घरी येईल तो म्हाताराच होऊन येईल, हे सुभद्राबाईला दिसत होतं.

"इकायच्या आधी दाखव त कोणाले," ती मुलाला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गाडी रखडत अमरावतीला सबीहाच्या वर्कशॉपमध्ये गेली. सबीहा शफीक मिस्त्रींची लेक. बाप डिझेल पंपाचा कारागीर, पोरगी गाडीतल्या तारांची. तिनं स्टिअरिंगखाली एक वायर खोचली आणि स्कॅनर सुभद्राबाईपुढे धरला.

"काकू, गाडीत असे डबे असतात. इंजिनचा येगळा, ब्रेकचा येगळा, गिअरचा येगळा. सगळे एकाच दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात. हा पाहा, इंजिनचा बोलून राहिला. ब्रेकचा बोलून राहिला. गिअरचा चूप."

"काय बोलतात व?"

"चाक किती फिरलं, काकांनी पाय किती दाबला. एका सेकंदात शेकडो वेळा."

सुभद्राबाई गाडीकडे पाहतच राहिली. इतकी वर्षं ती या मुक्या लोखंडात बसून फिरली, आणि आत हे असं अखंड बोलणं चाललं होतं.

"मंग गिअरबॉक्स?" भगवंतरावांचा आवाज दबलेला होता.

"चांगला आहे, काका. त्याले हुकूम देणारा गप झाला."

सबीहानं बॉनेट उघडलं. बॅटरीशेजारच्या, गिअरच्या काळ्या डब्याचा प्लग काढला, मीटर लावून पाहिला. करंट नीट येत होता, तारा शाबूत होत्या. मग तिनं प्लग उजेडात धरला. आतल्या पिना पिवळ्या होत्या. तिनं वास घेतला.

"काका, ही हळद कुठून आली? आणि तूप?"

सुभद्राबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा समोरच्या लिंबाकडे पाहत होता.

"खांद शेकला," तो म्हणाला.

"कोणाचा?"

"गाडीचा. पोळ्याच्या आदल्या सांजेले. बैल नाई, त कोणाचा शेकाव?"

ते तूप सुभद्राबाईनंच कढवून दिलं होतं. शेजारच्या शेषरावांच्या बैलांसाठी न्यायचं असेल, असं तिला वाटलं होतं. यांनी बॉनेट उघडलं, उंच दिसला तो काळा डबा खांदा मानला, त्याच्यावर गरम पाणी सोडलं आणि पळसाच्या पानानं तूप-हळद चोळली. वर बैलांना देतात तसं, उद्या जेवायला ये म्हणून, गाडीला आवतनही दिलं.

सबीहाला हसू आवरेना. "आवतन दिलं ते ठीक, काका. पण जेवण तिच्या नाकात घातलं. प्लगचं रबर जुनं होतं, पाणी आत उतरलं, डबा जळाला."

नागपूरहून नवा डबा आला. सबीहानं तो बसवला आणि लॅपटॉप लावून त्याला गाडीचा नंबर सांगितला.

"आता याले आपली गाडी कोणती ते समजलं. पण चालणं अजून येत नाही. ते तुमी शिकवा. चला नांदगाव पेठच्या रस्त्यानं."

सुभद्राबाई मागं बसली. पहिले गिअर धक्के देत पडले, नवा गोऱ्हा जू मानेवर घेईना तसे. भगवंतरावांच्या तोंडातून नकळत बैलांना चुचकारायचा आवाज निघाला. पाय हलकेच दाबायचा, सैल सोडायचा, पुन्हा दाबायचा. पेठ येईपर्यंत धक्के मऊ झाले. परतताना सुभद्राबाईनं पाण्याची बाटली मांडीवर उभी धरली, तर आतलं पाणी हललंही नाही. दोन बोटं जाडीचा तो डबा तिच्या नवऱ्याचा पाय शिकत होता. तो पाय समजायला तिला सारा संसार लागला होता.

"चालवणारा बदलला त?" तिनं विचारलं.

"त हळूहळू त्याचा पाय शिकेल, काकू. काकांचा विसरेल."

भगवंतराव अकोल्याला मुऱ्हाळी म्हणून गेले, आपल्या हातानं गाडी चालवत. परत येताना पौर्णिमाला मूर्तिजापूरलाच झोप लागली, ती घराच्या दारात जागी झाली.

दोन हजार पंचवीस साली, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, भगवंतराव आपल्या घरी वारले. त्यांच्या तेरवीनंतर कुलदीप आईला घेऊन त्याच गाडीनं अमरावतीला निघाला. त्याचा पाय जड, जोरात दाबणारा. पण गाडी घाई करेना, आपली मऊपणे गिअर बदलत होती.

"आई, ही अजून बाबांच्याच पायानं चालून राहिली."

सुभद्राबाईनं समोर हात टेकवला, जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. "मंग तू हळू चालव. इतक्यात इसरू नको देऊ तिले."

कुलदीपनं पाय सैल केला. पुढचा गिअर कधी पडला, दोघांनाही कळलं नाही.