काळतोंडीचं कोकरू

माझी नात चतुरा चार वर्षांची झाली तरी तोंडातून शबुद न्हाई. मी काय कमी केलं? जिभेला वेखंड चोळलं, पोपटानं टोचलेला पेरू चारला. देवळातल्या घंटेत पाणी वतून पाजलं, तेबी दुष्काळात टँकरच्या रांगेत उभं राहून आणलेलं. पोर गप ती गपच!

पर डोकं बघा तिचं. सांजच्याला कोकरं सोडली की शंभर मेंढ्यांत ज्याची माय त्याला बिनचूक लावून द्यायची. तिचा बाप, माझा आसाराम, जल्मभर मेंढरं राखतोय, त्यो चुकतो. ही न्हाई.

सुंदरराव चेअरमनचा नातू तिच्याच महिन्यातला. त्योबी तोंड उघडंना. त्याला अंबाजोगाईला नेलं. डाक्टर म्हणला, काही लेकरं उशिरा बोलत्यात, डोकं तल्लख आसतंय, दम धरा. झालं! वाढदिवसाला गावभर बॅनर लागले, 'भावी शास्त्रज्ञ'. आता सांगा, त्याचं गप बसणं म्हंजे इचार करणं, आन माझ्या चतुरीचं म्हंजे मुकेपणा! लई राग यायचा मला.

त्यात दुष्काळानं दूध आटलं आन चेअरमनचा दूधसंघ बसला. इमारत रिकामी कशाला ठेवायची, म्हणून त्यानं तिथं मुक्या लेकरांची निवासी शाळा काढली. मंजुरीला वीस लेकरं पायजेत. गावात त्याला एकच सापडलं, चतुरी. बाकीची एकोणीस चांगली वटवट करणारी पोरं गोळा केली. त्यांना सांगितलं, "तपासणीचा साहेब जाईस्तवर जो गप बसंल त्याला जिलबी."

"साखराबाई, पोर शाळेतच राहील. सणाला भेटा," चेअरमन आमच्या पालावर येऊन म्हणला. "आन हे बघा, छावणीतला चारा आमच्याच हातात हाय."

आसारामनं मान खाली घातली. मी लई रडले. उघड्या माळावरची पोर खोलीत कोंडली तर येडी हुईल व! चेअरमननं पोर नेली, आन साहेबाच्या जेवणाला आमच्या काळतोंडी मेंढीचं कोकरूबी नेलं.

दुसऱ्या दिशी तपासणीला मी दारातच बसून राहिले. साहेब एकेकाला नाव इचारत होता. पोरं गाल फुगवून गप. एक तर दोन्ही हातांनी तोंड दाबून बसलतं. साहेबाला लई वाईट वाटलं.

तेवढ्यात मागं चुलीकडनं कोकरू वरडलं. चतुरी उठली, पळत गेली आन त्याचं दावं धरून उभी राहिली.

"काळतोंडीचं हाय ह्ये. सोडा. त्याला दूध प्यायचंय."

बिरोबा! तीन वाक्यं, आन एकबी बोबडं न्हाई.

चेअरमन काय कमी! "बघा साहेब, एका दिसात गुण आला!"

"मंग जिलबी कवा?" मागनं एक पोरगं वरडलं. त्याच्यामागं सगळीच वरडायला लागली.

चेअरमन पोरांच्या आडवा झाला. "हे... हेबी बरे झाले, साहेब."

साहेबानं रजिस्टर मिटलं. "सगळेच बरे झाले, तर शाळा कुणासाठी? गावात अजून कुणी न बोलणारं आहे का?"

दारात जमलेलं सगळं गाव गप. मोठ्यांना तर जिलबीबी लागली न्हाई. मी उठले.

"हाय की. चेअरमनचा नातू."

"त्यो मुका न्हाई!" सुंदरराव खेकसला. "उशिरा बोलतोय. डोकं तल्लख हाय त्याचं!"

"मंग माझी कावून मुकी ठरिवली, दादा?"

साहेबानं परत रजिस्टर उघडून चतुरीचं नाव खोडलं. मी तिला आन कोकराला घेऊन घरी आले. रातभर आसाराम चाऱ्याच्या काळजीत होता.

सकाळी चेअरमनची बायको, बायनाबाई, नातवाला कडंवर घेऊन पालावर आली. मागं गड्याच्या डोक्यावर चाऱ्याचा भारा. लाजत इचारलं, "कोणता पेरू चारला व?"

जिभेवर लई काय काय आलतं. पर त्या लेकराचा काय गुन्हा?

"पेरूनं काय हुत न्हाई, बाई," मी म्हणले. "बसू द्या त्याला मेंढरांत."

चतुरीनं त्याच्याकडं बघितलं, काळतोंडीचं कोकरू उचललं आन त्याच्या मांडीवर ठिवलं.

"धर."