कुंकू लावलेलं बूच

मित्रांनो, मी एक जुना ब्रीदर आहे. माझं नाव ऐकलं नसेल, तर त्यात तुमची चूक नाही. इंजिनाच्या झाकणावर एक वाकडी नळी असते, तिच्यातून धूर आणि तेलाचे शिंतोडे येतात आणि लोक नाक मुरडतात. ती नळी म्हणजे मी.

इंजिनाच्या आत पिस्टन वरखाली पळतो. वर जाळ होतो आणि त्यातला थोडा गॅस पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली, तेलाच्या पोटात उतरतो. तो बाहेर सोडणं एवढंच माझं काम. तो सोडला नाही, तर पोटात दाब वाढतो आणि वाट मिळेल तिथून तेल बाहेर ढकलतो. हे कळायला कॉलेजात जावं लागत नाही.

माझं इंजिन आधी एका ट्रकात होतं. ट्रक मोडीत निघाल्यावर, १९९२ साली, विजयसिंह नावाच्या बागायतदाराने ते इंदापूर तालुक्यात उजनीच्या पाण्यावर आणलं आणि बोटीत बसवलं. पलीकडचं करमाळ्याच्या बाजूचं गाव डोळ्यांना दिसायचं, पण रस्त्याने गेलं तर अर्धा दिवस मोडायचा. बोटीने वीस मिनिटं. बोट चालवायला बिरू होता. त्याच्या घरची मेंढरं चरायची ते रान धरणात गेलं, कळप गेला, आणि हा माणूस मुकाट्याने सुकाणू धरून उभा राहिला.

पुढच्याच वर्षी शेजारच्या गावात दुसरी बोट आली, आमच्याहून वेगवान. विजयसिंहाला ते सहन होईना. त्याने इंजिन बारामतीच्या एमआयडीसीत नेऊन त्यावर ब्लोअर बसवून घेतला. तिथले मिस्त्री सावळारामतात्या मोठे जाणते. त्यांनी माझ्या तोंडाला जाड रबरी पाइप जोडला आणि त्यातून येणारं तेल साचायला एक डबा लावला.

"बिरू, ह्यो ब्लोअर जादा हवा कोंबतो," ते म्हणाले. "ताकद वाढंल, पर पोटात उतरनारा गॅसबी वाढंल. ह्या ब्रीदरचं तोंड मोकळं ठेव. ह्यो तुंबला, तर इंजिन गेलं म्हनून समज."

बिरूने ते मनावर घेतलं. दर सोमवारी तो डबा रिकामा करायचा आणि माझी जाळी डिझेलमध्ये धुवायचा. दोन वर्षं मी सुखात होतो. त्याचा मला लळा लागला होता, हे कबूल करतो.

मग रिंगा झिजल्या. धूर वाढला. बायका तोंडाला पदर लावू लागल्या. बिरू म्हणायचा, रिंगा बदलू. विजयसिंह म्हणायचा, दिवाळीनंतर बघू.

१९९५ची खंडेनवमी आली. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सीमोल्लंघन पाण्यापलीकडे करायची आणि तिथल्या लोकांना सोनं द्यायची आमच्या काठच्या गावची रीत होती. बोट धुतली, रंगवली. इंजिनाला झेंडूची माळ घातली. विजयसिंहाची आई सिंधुबाई ताट घेऊन आली, बिरूने इंजिन चालू करून बघितलं, आणि नेमकं तेव्हाच माझ्या डब्यातून काळं तेल तिच्या पांढऱ्या पातळावर उडालं.

विजयसिंहाने रागाने पाइप आणि डबा दोन्ही उपटून फेकले. दाणे काढलेलं मक्याचं कणीस घेतलं, त्याला फडकं गुंडाळलं आणि माझ्या तोंडात गच्च ठोकलं.

"मालक, आसं करू नगा," बिरू म्हणाला. "कोंडलं तर इंजिन जाईल."

"सनाच्या दिशी तोंडातनं कायबी काढू नगंस," विजयसिंह म्हणाला. सिंधुबाईने त्या कणसालाही हळदकुंकू लावलं.

दसऱ्याला चाळीस माणसं बोटीत चढली. इंजिन सुरू करण्याआधी बिरू वाकला, माझ्याकडे हात केला. बोटं कणसापर्यंत आली होती.

"बिरू, पूजा मांडलीय तितं. हात लावू नगंस," सिंधुबाई म्हणाली.

त्याने हात मागे घेतला. मित्रांनो, विजयसिंहाला कळत नव्हतं. बिरूला कळत होतं. म्हणून मला विजयसिंहाची चीड येते आणि बिरूचं वाईट वाटतं, आणि कधी कधी चीडही बिरूचीच जास्त येते.

ऐन मध्यावर माझ्या पोटातला दाब अनावर झाला. तेल मोजायची पट्टी गोळीसारखी उडाली, सील फुटलं, सगळं तेल बोटीच्या तळाला वाहून गेलं. इंजिन किंचाळलं आणि जाम झालं. पोरं रडू लागली. शेवटी मासेमारी करणाऱ्यांनी दोर टाकून बोट काठाला ओढली. जीव कुणाचा गेला नाही.

काठावर साऱ्या गावादेखत विजयसिंह ओरडला, "ह्यानं तेल बघितलं न्हाय! झोपला हुता ह्यो!"

"कनीस काढून बघा की मालक," बिरू म्हणाला. कुणी बघितलं नाही. आठवड्यात इंजिन बारामतीला भंगारात गेलं. बिरूला कामावरून काढलं, आणि चाळीस माणसं बुडवायला निघालेल्याला दुसऱ्या कुणी बोटीवर घेतलं नाही.

वर्षभर तो मला शोधत होता. आज सापडलो.

"हाय, त्येच हाय!" तो भंगारवाल्याला म्हणाला. "ह्यातलं कनीस तेवढं काढून द्या. गावाला दाखवायचंय."

पण आज पुन्हा खंडेनवमी. भंगारवाल्याने सगळ्या ढिगाला फुलं वाहिली होती, मलाही कुंकू लावलं होतं.

"पूजा झालीय पाव्हणं. आज लोखंड हलवत न्हाय आमी. उद्या या."

बिरूचा हात तसाच पुढे आला होता. माझ्यापासून वीतभर. त्याने तो मागे घेतला, कुंकवाला नमस्कार केला आणि गेला.

मित्रांनो, यंत्राला फूल वाहा, माझी ना नाही. पण आधी त्याचं तोंड मोकळं करा, आणि चालवणारा काही सांगत असेल तर ऐका. बिरू उद्या येईल. आम्हाला भट्टीकडे नेणारा ट्रक मात्र पहाटेच येणार आहे.