उंचवटे किती होते?

"हा एवढा स्वच्छ कुणी केला?" प्राध्यापक राजगोपालांनी दगड खिडकीजवळ नेत विचारलं.

"मीच, सार," आमचे हे म्हणाले आणि शर्टाची कॉलर उगीचच नीट केली. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. कौतुक करणारा माणूस वस्तू अशी तीन-तीनदा उलटी करून बघत नाही.

इकडे तमिळ मुलखात, आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यात हे तेहेतीस वर्षं टूलरूममध्ये फिटर होते. २००४ साली निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसं देवधर्माला लागतात, हे दगडांच्या नादी लागले. महिन्यातून एकदा एग्मोर स्टेशनहून गाडी धरून अरियलूरला जायचं, तिथल्या चुनखडीच्या माळावर उन्हात वाकून फिरायचं आणि कोट्यवधी वर्षांपूर्वीचे, दगड झालेले शंखशिंपले घरी आणायचे. बहुतेकांची नावं ह्यांना पुस्तकात सापडत. हा एकच सापडेना. वीतभर लांब, तपकिरी, एका अंगाला वाकलेला.

"दगड तो दगड, त्याचं काय बारसं करायचंय?" असं मी चिडवायची. पण खरं सांगते, आठ महिने हे त्या एका नावासाठी झुरत होते आणि ते मला बघवत नव्हतं. म्हणून तर दोन बस बदलून मीही ह्यांच्याबरोबर राजगोपालांच्या कॉलेजात आले होते.

प्राध्यापक तमिळमध्ये बोलत होते. माझं तमिळ भाजीबाजारातलं, त्यामुळे अर्धं कळत होतं आणि अर्धं ह्यांच्या चेहऱ्यावरून ओळखत होते. आधी ते म्हणाले, माशाचा जबडा असावा. मग भिंग बदलून म्हणाले, नाही, समुद्रात राहणाऱ्या एखाद्या मोठ्या सरड्याचा. मग म्हणाले, पण हे हाड तरी आहे का? मी तिन्ही वेळा मान डोलावली.

मग त्यांनी वाकलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "इथे काही होतं का? ओळीने, बारीक उंचवटे?"

"होते की!" हे उत्साहाने म्हणाले. "बर होते ते, सार. सगळे काढून टाकले. आधी बारीक कानस, मग पॉलिश पेपर."

बर म्हणजे लोखंड कापताना कडेला उरणारे नकोसे काटे. ते असलेला पार्ट टूलरूमबाहेर जाऊ द्यायचा नाही, हे ह्यांच्या हाडीमाशी भिनलेलं.

प्राध्यापक खुर्चीत बसले. "काशिनाथ सार, ते बहुधा दातांचे खुंट होते. ओळख पटली असती तर त्यांच्यावरूनच."

ह्यांचा चेहरा असा काही उतरला की मला राजगोपालांचाच राग आला. वास्तविक त्या बिचाऱ्यांचा काय दोष?

"ड्रॉइंग आहे, सार. घासायच्या आधी काढलेलं." ह्यांनी घाईघाईने कागद उलगडला. तीन बाजूंनी काढलेली आकृती, व्हर्नियरने घेतलेली मापं, मिलिमीटरच्या दशांशापर्यंत.

"अडेयप्पा! आमच्या मुलांना असं जमत नाही." प्राध्यापक पुढे वाकले, कागदभर नजर फिरवून थांबले. "पण ह्यात उंचवटे कुठे आहेत?"

"बर ड्रॉइंगमध्ये दाखवत नाहीत, सार," हे हळूच म्हणाले.

"निदान किती होते ते आठवतं? आठ-नऊ असतील तर मी माशाकडे शोधीन. वीसेक असतील तर दुसरीकडे."

तीस वर्षांपूर्वीचे पार्ट नंबर झोपेतही घडाघडा म्हणणारा हा माणूस. आठवायला बसला आणि बसूनच राहिला. बोटं हलत होती, आकडा येत नव्हता. मला राहवेना.

"ओन्बदु," मी म्हणाले. नऊ.

प्राध्यापकांनी पेन उचललं. हे माझ्याकडे वळले. रागावले नव्हते, तेच मला जड गेलं.

"तू मोजले होतेस?"

"अहो, असतील की नऊ."

"असतील म्हणजे मोजले नाहीस." मग तमिळमध्ये त्यांना म्हणाले, "लिहू नका, सार. माझ्यासाठी बोलली ती."

प्राध्यापक म्हणाले, दगड इथे ठेवून जा. कधीतरी तसा दुसरा सापडला तर ताडून बघता येईल. त्यांनी एक कार्ड भरलं. नावाच्या जागी 'अज्ञात' लिहिलं, गाव लिहिलं, शोधणाऱ्याचं नाव लिहिलं. शेऱ्याची जागा कोरीच सोडली. भला माणूस.

ह्यांनी पेन मागून घेतलं आणि सुट्या, सरळ अक्षरांत इंग्रजीत लिहिलं. काय लिहिलं म्हणून मी विचारलं, तर वाचून दाखवलं: "कडेवर उंचवटे होते. शोधणाऱ्याने घासून काढले. संख्या माहीत नाही." खाली सही, तारीख.

"हे कशाला, सार?" राजगोपाल ओशाळून म्हणाले.

"नाहीतर पुढच्याला वाटेल, दगड असाच होता."

शाई वाळेपर्यंत हे कार्ड हातात धरून उभे राहिले. मग ते त्यांनी दगडाशेजारी ठेवलं, आणि कपाटाचं दार प्राध्यापकांना लावू दिलं.